पाण्याला वाट ठेवा

"तळ सगळा बुजवू नका गं. पाण्याला वाट ठेवा."

गावातली लेम्पीआजी हे बोलली तेव्हा आयलाच्या एका हातात कॉफीचा कप होता आणि दुसऱ्या हाताने ती इडाच्या जाकिटाची चेन ओढत होती. ती "हो आजी" म्हणाली. म्हाताऱ्या माणसांना आपण म्हणतो तसं. तोंडाने.

आणि विसरून गेली.

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. आयला साल्मेला आमच्या दोन घरं पलीकडे राहते. तिची इडा आणि माझा मुलगा एकाच वर्गात आहेत. तिने हे मला तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, भर दुपारी. सांगताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. पण इडाच्या स्वेटरची टोपी तिने सगळा वेळ मुठीत धरून ठेवली होती.

पटणार नसेल तर खुशाल भाकडकथा म्हणून वाचा. पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

गाव पेल्टो. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, सावी तळ्याच्या काठी. नोव्हेंबरात बर्फ पडतो तो एप्रिलपर्यंत हलत नाही. रस्त्यावर पोत्यांनी मीठ टाकतात, आणि ते मीठ गाड्या खातं. वरून गाडी नवरीसारखी दिसते आणि खालून चाळणी झालेली असते. इथल्या माणसाला गाडी दाखवली की तो आधी वाकून खाली बघतो, मग रंग बघतो.

म्हणून आयलाच्या नवऱ्याने, कर्टने, लेम्पीआजीच्या शेडमधला ट्रक पाहिला तेव्हा तो सरळ पाठीवर झोपून खाली सरकला.

जुना पिकअप. आज्याच्या जमान्यातला. पुसट हिरवा, गोल दिव्यांचा, गालफुगव्या मडगार्डचा. ड्रायव्हरशेजारच्या सीटकडच्या खिडकीची काच खाली-वर करायच्या दांडीला बर्चच्या लाकडाची मूठ बसवलेली, कुणीतरी चाकूने घडवलेली. आजीचा नवरा ऊर्हो त्या शरद ऋतूत गेला होता. आजी म्हणाली, "घेऊन जा बाबा. मला त्या शेडचं दार उघडवत नाही."

कर्ट खालून बाहेर आला तेव्हा त्याच्या दाढीत गंज होता आणि चेहऱ्यावर पोराला खेळणं मिळाल्यासारखा आनंद.

"तळ गेलाय. दाराखालचे दोन्ही उंबरे गेलेत. पण सांगाडा... आयला, सांगाडा खणखणीत आहे!"

उंबरे म्हणजे दाराखालून जाणारे ते पोकळ लांब पत्रे. केबिनचा सगळा भार त्यांच्यावर असतो. कर्टने ठरवलं, हिवाळ्यात तळ आणि उंबरे नवे घालायचे, आणि जूनमध्ये मधल्या उन्हाळ्याच्या मिरवणुकीत इडाला शेजारी बसवून गावातून फिरवायचं.

आयलाला तेव्हाच बरं वाटलं नव्हतं. पण तिला कशानेच बरं वाटत नसे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. घरातल्या प्रत्येक प्लगला झाकण. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या खोलीच्या, दाराला उंचावर कडी. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय इडाच्या ताटात द्राक्ष पडत नसे.

"तुला तर टोस्टरचीसुद्धा भीती वाटते," कर्ट म्हणायचा.

"टोस्टरने घरं जळतात."

"आणि या निसूच्या पावाने?"

"निसू घशात अडकतो. लहान घास घे."

ती कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. तिची भीती खऱ्या गोष्टींची. उकळतं पाणी. उघडी विहीर. पातळ बर्फ.

म्हणूनच तर ती फसली.

कारण आजीने सांगितलं होतं ते तिला खऱ्या गोष्टींतलं वाटलंच नाही. आजी वेलदोड्याचा निसू घेऊन आली होती, ट्रक आणून ठेवलेल्या कर्टच्या शेडच्या दारातच थांबली होती. आत पाऊल टाकलं नाही तिने. ट्रकवर नजर ठेवून बोलत होती.

"ऊर्होने ती भोकं कधी बुजवू दिली नाहीत. तुम्हीही बुजवू नका. हात जाईल एवढं एक तरी राहू दे."

रात्री आयलाने कर्टला सांगितलं. कर्ट हसला.

"उंबऱ्याला खालून बारीक छिद्रं ठेवायची असतात, तेच म्हणत असेल ती. नाहीतर आत पाणी साचून पुन्हा गंजतं. ते मला कळतं गं. पण हात जाईल एवढं? हिवाळ्यात पाय गोठवायचेत काय आपले?"

आयलाही हसली.

पहिली विचित्र गोष्ट सापडली ती जानेवारीत.

कर्टने ट्रक चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवला होता. शेगडी पेटलेली. ग्राइंडरने तो सडका तळ कापत होता आणि आयला दिवा धरून उभी होती. एकदम ग्राइंडर बंद झाला.

"हे बघ."

कापलेला पत्रा त्याने उजेडात धरला. भोकं होती. पण गंजाने पडलेल्या भोकाची कड कुरतडल्यासारखी असते. ही गोल होती. एकसारखी. शेजारच्या सीटच्या पायाखाली, दाटीने पाडलेली.

"ड्रिलने पाडलीत," कर्ट म्हणाला. "चांगल्या पत्र्याला. गंज नंतर चढलाय कडांवर. कोण वेडा स्वतःच्या गाडीला भोकं पाडतो?"

आयलाला आजीची आठवण झाली... आणि इडा आतून हाक मारत होती म्हणून ती घरात गेली.

दुसरी गोष्ट, नवा पत्रा बसल्यावर.

कर्टचं काम चोख. नवा तळ मापात कापला, टाका-टाका मारत वेल्डिंग केलं, घासलं. दुसऱ्या दिवशी रंग लावायचा म्हणून पत्रा उघडाच ठेवला. शेगडी रात्रभर धुमसत होती. शेड कोरडंठाक.

सकाळी पत्रा ओला होता.

थेंब नव्हेत. दव नव्हे. सीटसमोर पातळ पाणी साचलेलं, त्यावर बर्फाची साय.

कर्टने मान वर करून छत बघितलं. छत कोरडं.

"बाष्प," तो म्हणाला. "उबेचं."

आयलाने बोट बुडवून वास घेतला. शेवाळाचा वास. तळ्याचा. फेब्रुवारीत, जेव्हा तळं हातभर बर्फाखाली असतं.

त्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग एके सकाळी पाणी नव्हतं. फक्त गंज होता.

नव्या कोऱ्या पत्र्यावर, शेजारच्या सीटच्या पायाशी, नारिंगी गंजाचे दोन ठसे. बुटांचे. मोठ्या, पुरुषी बुटांचे. टाचा खोल, चवडे दाराकडे वळलेले.

चालून गेल्यासारखे नव्हते ते.

पाय रोवून कुणीतरी दार ढकलत असावं... तसे.

"तुझे आहेत," आयला म्हणाली.

"असतील."

"कर्ट, तुझा पाय ठेवून बघ."

त्याने ठेवला नाही. घासायची चकती लावली आणि ते ठसे घासून काढले. त्या दिवसापासून तो रेडिओ लावून काम करू लागला.

पुढचं मी सांगते ते मिठाने गाड्या खाल्लेल्या गावात राहणाऱ्यालाच समजेल. इथला माणूस पाण्यापुढे हार मानत नाही. पत्रा ओला होतोय ना? मग कर्टने बंदोबस्त केला. सांध्यांवर भेगा बुजवायचा सीलर. खालून रबरी रंगाचे थरावर थर. उंबऱ्यांची ती बारीक छिद्रंसुद्धा बुचं मारून बंद केली, जी कुठलाही शहाणा माणूस उघडी ठेवतो, जी ठेवणार असं त्याने स्वतः बोलून दाखवलं होतं. पाणी येतंय कुठून ते कळत नाही, तर मग सगळंच बंद.

"आता बघ," तो म्हणाला. "टब झालाय टब. थेंब आत जाणार नाही."

थेंब बाहेरही जाणार नाही, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

फक्त एक कोपरा राहिला. शेजारच्या सीटखालचा मागचा सांधा. वेल्डिंगचा गॅस संपला म्हणून तिथे विरळ टाके मारून वरून नुसता सीलर थापला होता. "नंतर करीन पक्कं." आणि उंबरे बदलताना केबिन किंचित बसली असावी, कारण दारं घट्ट लागायला लागली होती. ओढली की अडायची. तेही नंतर.

आता इडाबद्दल.

इडा चार वर्षांची. ट्रक तिचा लाडका. बाप काम करत असला की स्टिअरिंगमागे बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढायची. मार्चमध्ये तिने आवाज काढणं बंद केलं.

ती बोलायला लागली.

हळू. शेजारच्या सीटकडे मान वळवून. मध्येच थांबायची... कुणी उत्तर देत असल्यासारखी.

"कोणाशी गप्पा चालल्यात?" आयलाने विचारलं.

"थंडीवाल्याशी."

"कोण गं थंडीवाला?"

"त्याला खूप थंडी वाजते. त्याचे दात वाजतात. असे." आणि तिने दात वाजवून दाखवले.

आयलाने कर्टला सांगितलं. कर्टने इडाला खांद्यावर घेतलं. "तुझ्या थंडीवाल्याला म्हणावं, भाडं दे, नाहीतर उतर!" इडा खिदळली.

आयलाने त्या दिवशी शेडच्या दाराला उंचावर कडी लावून घेतली.

आता तो दिवस.

मार्चचा शेवटचा शनिवार. आमच्याकडे गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या झोपड्या बर्फ जायच्या आत ओढून काढाव्या लागतात, आणि माणसं हटकून शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात. कर्टही त्यातलाच. दुपारी तो दुसरी गाडी घेऊन निघाला. आयला दारात उभी.

"पट्टा लावू नकोस."

"नाही गं."

"काच खाली ठेव. आणि दार..."

"...अर्धं उघडं. आयला, हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलंय."

खरं आहे ते. बर्फावर गाडी घालताना दार उघडं ठेवतात. कितीही थंडी वाजो. बर्फ फुटला तर उडी मारता यायला हवी, कारण एकदा पाणी दाराला टेकलं की दार उघडत नाही. इथली पोरं सायकलीआधी हे शिकतात.

जाताना कर्टने शेडमधून ओढायचा दोर घेतला. शेडची कडी लावायची राहिली.

आयला स्वयंपाकघरात मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पास्टीच्या कडा मुडपत होती. इडा टेबलाखाली. तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. आयला ओव्हनकडे वळली. ताट आत सरकवलं. ओव्हनचं दार लावलं.

आणि मग तिला जाणवलं...

गुणगुणणं थांबलंय.

आई झालेल्या बाईला हा आवाज माहीत असतो. आवाज नसण्याचा आवाज.

"इडा?"

टेबलाखाली कोणी नाही. दारापाशी छोटे बूट नाहीत.

ती तशीच धावली, पिठाचे हात, पायांत घरातल्या सपाता. बाहेर करडा उजेड. बर्फात छोट्या बुटांची रांग, सरळ शेडकडे. शेडचं दार हातभर उघडं.

आत शेगडी पेटलेली असायला हवी होती. विझलेली होती. रेडिओ बंद. छतावरून वितळणाऱ्या बर्फाची टपटपसुद्धा नाही.

ट्रक घोड्यांवर उभा. दोन्ही दारं बंद.

काचा आतून धुकटलेल्या.

"इडा!"

तिने काचेला कपाळ लावलं. धुक्यातून इडा दिसली. स्टिअरिंगमागे बसलेली. मान शेजारच्या सीटकडे. मान हलवत होती, हो... हो... कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

आणि तिच्या मांडीवर पाणी होतं.

काळं. संथ. सीटच्या वर आलेलं. त्यात बर्फाचे पातळ तुकडे तरंगत होते.

आयलाने दाराचं हँडल ओढलं. दार जागचं हललं नाही. पाय उंबऱ्याला लावून ओढलं. नाही. ती फिरून पलीकडे गेली. तेही नाही. पाणी इडाच्या पोटापर्यंत आलं होतं. इडा वळून बघत नव्हती. आई काच बडवतेय, किंचाळतेय, आणि लेक शांत.

भिंतीला बर्फ फोडायची पहार टेकलेली होती. आयलाने ती उचलली आणि शेजारच्या सीटकडच्या काचेवर सगळ्या ताकदीने मारली.

ठण्ण.

पहार परत आली. हातभर जाड बर्फावर मारल्यासारखी. काचेला ओरखडाही नाही.

पण धुकं थोडं पुसलं गेलं... आतून.

तिथे एक तळहात टेकला होता. मोठा. पांढरा. बोटं पसरलेली. ढकलणारा.

तो तिच्यावर धावून येत नव्हता, हे आयला आजही ठासून सांगते. तो बाहेर यायला बघत होता.

आणि त्या क्षणी तिला वेलदोड्याचा वास आला. काय कारण होतं वेलदोड्याचा वास यायला? शेडमध्ये तेव्हा कोणी नव्हतं. पण वास आला, आणि वासाबरोबर ते वाक्य.

पाण्याला वाट ठेवा.

ती जमिनीवर आडवी झाली आणि ट्रकखाली सरकली. चार घोड्यांवर तोललेल्या, पाण्याने भरत चाललेल्या ट्रकखाली. जी बाई द्राक्षाचे चार तुकडे करते, ती. डोक्यावर पत्रा करकरत होता. तिने चाचपलं. मागचा सांधा. विरळ टाके. दिवा तिनेच धरला होता त्या दिवशी, म्हणून जागा ठाऊक होती. पहारेचं टोक सांध्यात रोवून तिने खालून हाणलं.

सीलर फाटला. एक टाका तुटला. पुन्हा हाणलं. पुन्हा.

पत्रा सोलला गेला.

पाणी तिच्या तोंडावर कोसळलं. त्या पाण्याची थंडी तिला सांगता येत नाही. श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधार आला. शेवाळ, चिखल आणि खूप जुन्या पेट्रोलचा वास. ती हाणत राहिली. पाणी येत राहिलं. शेडच्या जमिनीवरून दाराकडे वाहत गेलं आणि तिथेच गोठू लागलं.

मग पाणी थांबलं.

आणि वरती... अगदी हळू... शेजारच्या सीटचं दार उघडल्याचा आवाज आला.

कर्रर्र.

आयला खालीच होती. उंबऱ्याच्या खालून तिला शेडची जमीन दिसत होती. तिथे कुणाचे पाय उतरलेले तिला दिसले नाहीत. पण ओल्या जमिनीवर एक बूट उमटला. मग दुसरा. मग दाराकडे जाणारे, एकामागून एक.

ती बाहेर आली तेव्हा इडा सीटवर उभी होती. कमरेपर्यंत ओली, ओठ निळे, पण हसरी.

"आई, तू त्याचं दार उघडलंस."

आयलाने तिला शेडमधल्या कर्टच्या जाकिटात कोंबलं आणि घराकडे पळत सुटली. सौनाच्या खोलीत तिला टॉवेलात गुंडाळून, तळवे चोळत तिने विचारलं, "तू दार का लावून घेतलंस? सांगितलं होतं ना, कधी लावायचं नाही?"

"मी नाही लावलं. तो म्हणाला, दार ओढ, थंडी वाजते. मी म्हटलं आई रागावेल." इडाचे दात वाजत होते. "मग त्यानेच ओढलं."

कर्ट अंधार पडता पडता परतला. शेडच्या जमिनीवर घसरून पडला. तिथे बर्फ झाला होता, घोट्याएवढा जाड.

"पाईप फुटला का?"

"शेडमध्ये पाईप आहे का, कर्ट?"

त्याने खाली वाकून ट्रकचा फाटलेला तळ बघितला.

दुसऱ्या दिवशी आयला लेम्पीआजीकडे गेली. आजीने तिचा चेहरा बघितला, कॉफी ओतली आणि विचारलं, "पोरगी बरी आहे ना?"

"आजी, तुम्ही सगळं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

आयलाने कॉफीचा कप खाली ठेवला.

मग आजीने सांगितलं. ऊर्हो आणि त्याचा धाकटा भाऊ वेइक्को. असाच मार्चचा शेवट, अशीच झोपडी ओढायला हाच ट्रक घेऊन गेलेले. वारा होता. हाडं फोडणारा. वेइक्को वीस वर्षांचा, अंगात नुसता स्वेटर. म्हणाला, काठ आलाच की, मरतोय थंडीने. ऊर्हो म्हणाला, दार उघडं ठेव. वेइक्को म्हणाला, बस एवढंच. आणि दार ओढून घेतलं.

बर्फ फुटला तेव्हा ऊर्होने उडी मारली. त्याचं दार उघडं होतं.

"दुसऱ्या दिवशी ट्रक वर काढला," आजी म्हणाली. "वेइक्को आतच होता. त्याचे पाय दाराला रोवलेले होते."

"आणि तुम्ही तो ट्रक ठेवलात?"

"ऊर्होला वाटायचं, तो अजून आत आहे. भावाला टाकून कसं द्यायचं? सुकवला, चालवला. पण दर वर्षी बर्फ जायच्या वेळेला आत पाणी भरायचं. कुठून... देव जाणे. एका सकाळी सीटपर्यंत आलेलं. तेव्हा त्याने ड्रिल घेतलं. मग यायचं आणि जायचं. खिडकीला ती मूठही त्यानेच बसवली. म्हणायचा, पुन्हा गरज पडली तर हाताला सापडावी."

आजीने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर तळं होतं, राखाडी.

"मला वाटलं, ऊर्हो गेला म्हणजे हेही संपलं असेल. तरी म्हटलं, सांगून ठेवावं."

आयलाला वाटलं, संपलं. तिने ते बुटाचे ठसे दाराबाहेर जाताना पाहिले होते ना. दार उघडलं, तो गेला. जाऊ दे बिचारा. महिनाभर ती जरा नीट झोपलीसुद्धा. ट्रक आता शेडबाहेर उभा होता, फाटलेल्या तळाचा.

मे महिन्यात ती इडाला घेऊन आईकडे गेली. परत आली तेव्हा ट्रक अंगणात नव्हता.

"दिला," कर्ट म्हणाला. "मिशिगनच्या खालच्या भागातून एकजण आलेला, ट्रेलर घेऊन. तुझ्यासमोर नको होता ना तो? तूच म्हणालीस."

"तळाचं सांगितलंस?"

"फाटलाय सांगितलं. तो म्हणाला, तळ तर मी नवाच घालणार. एकदम पक्का."

"नाव काय त्याचं?"

कर्टने डोकं खाजवलं. "डग? डॉन? छान माणूस होता गं. लेक होती बरोबर, इडाएवढी. ती लगेच चढून बसली स्टिअरिंगमागे."

आयला अंगणात गेली. ट्रक उभा होता तिथलं गवत चौकोनी पिवळं पडलेलं. बाकी सगळं कोरडं. आठवडाभर पाऊस नव्हता.

पण त्या चौकोनात, शेजारच्या सीटखाली जिथे फाटलेला सांधा असायचा, तिथे पाण्याचं डबकं होतं.

तिने वाकून वास घेतला.

मग ती उठली, आणि तेव्हापासून शोधते आहे. गाड्यांच्या जत्रा, मेळे, जुन्या ट्रकच्या जाहिराती. कर्टला तो फोन नंबर सापडत नाही. वर्ष होत आलं. आज मार्चचा तिसरा आठवडा आहे आणि सावी तळ्याचा बर्फ काठाशी काळा पडू लागलाय. काल रात्री इडाने झोपेत दात वाजवले.

म्हणून आयला म्हणाली, तू लिहितेस ना? मग हे लिही. तिच्याच शब्दांत देते.

"तुमच्या गल्लीत, ओळखीत, कुणी जुना हिरवा पिकअप दुरुस्त करत असेल तर जरा जा. शेजारच्या सीटकडे खिडकीच्या दांडीला लाकडी मूठ आहे का बघा. तळाला हात लावा. ओला असेल, तर तो माणूस काय म्हणेल याचा विचार करू नका. पहार मागा, भोक पाडा.

पण त्याच्याही आधी त्यांच्या घरात डोकावा, आणि विचारा, तुमची छोटी कुठे आहे?

आत्ता. या क्षणी. जाऊन बघा ना."